झालर आणि निळा खंड्या

१

खंड्या उडाला होता.

वाचनालयाच्या मोठ्या खिडकीच्या मधोमध बसवायची ती ताटाएवढी गोल निळी काच. तिच्यावर फांदीवर बसलेला निळा खंड्या, चोच खाली पाण्याकडे रोखलेली. काल दुपारी तो कारखान्यातल्या उजेडाच्या टेबलावर होता. खालून दिवे आणि वर दुधी काच असलेल्या त्या टेबलावर प्रत्येक रंगीत तुकडा तपासून बघतात. आज सकाळी मालकांनी टेबलावरचं पांघरूण काढलं, तर खाली नुसता उजेड.

दुसरी कुठली काच असती तर चार शिव्या देऊन नवी केली असती. पण हा निळा आता कुठेच बनत नाही. तो बनवणारी माणसं गेली, त्यांच्या भट्ट्या गेल्या आणि जाताना ती कृतीही सोबत घेऊन गेली. चार दिवसांनी वाचनालयाची मंडळी खिडकी न्यायला येणार होती. मालकांनी डोक्याला हात लावला आणि दुसऱ्या हाताने बहिणीला फोन केला.

बहीण म्हणजे आत्या. मालकांची साठी उलटली तरी तिच्या तोंडी ते बाळच. आत्याचा जन्म विमा कंपनीत गेला होता. लोकांच्या जळालेल्या, बुडालेल्या आणि चोरीला गेलेल्या वस्तूंत खरं किती आणि बनाव किती, हे शोधायचं तिचं काम. निवृत्त झाली तरी खोड गेली नव्हती. भाजीवाल्यालाही ती दोनदा वेगवेगळ्या तऱ्हेने तोच प्रश्न विचारायची.

ती आली तेव्हा कारखान्यात तिघं जण तीन दिशांना तोंड करून बसले होते. पहिली चिमणी, म्हणजे मालकांची मुलगी. वय पस्तीस, पण लहानपणी पडलेलं नाव चिकटलं ते चिकटलं. काचेवरचं सगळं रंगकाम तिच्याच हातचं. दुसरे तिचे यजमान, जावईबापू. जाड भिंगांचा चष्मा लावणारा शांत माणूस. काचा उचलायच्या, चौकटीत बसवायच्या आणि शिशाच्या पट्ट्यांनी जोडायच्या, हे त्यांचं खातं. तिसरे भट्टीवाले, रंगवलेली काच भाजणारे, तोंडाने फटकळ. गेल्या महिन्यात मालकांनी एका हिरव्या रंगावरून त्यांना चार शब्द सुनावले, तेव्हापासून त्यांचा मालकांशी अबोला होता. मालकांना काही सांगायचं असलं तर ते भट्टीकडे बघून सांगायचे.

कारखान्यात बाहेरचं कोणी आलेलं नव्हतं, कुलूपही शाबूत होतं. म्हणजे खंड्याला पंख फुटले ते या चौघांपैकीच कोणाच्या तरी हातून.

मालकांना नुसता संशय नव्हता, त्यांनी निकालच लावला होता. काल दुपारी ते बाहेर गेले होते, भट्टीवाले भट्टीशी होते आणि रंगाच्या खोलीत चिमणी एकटी होती. आणि तिला झालर आली होती.

ही झालर म्हणजे या घराची खास मालमत्ता. आत्याच्या आईला होती, आत्याला आहे. बाळला नाही, पण त्यांनी ती लेकीकडे बरोबर पोचती केली. नजरेच्या मध्यावर एक पुसट ठिपका येतो, तिथलं सगळं गायब होतं. मग त्या ठिपक्याला चमचमती, दातेरी, थरथरणारी कड फुटते. ती पसरत पसरत बाजूला सरकते आणि अर्ध्या-पाऊण तासात नजरेबाहेर निघून जाते. त्यानंतर डोकं असं ठणकतं की पाण्याचा थेंब पडला तरी हातोडा बसल्यासारखं वाटतं. डॉक्टर त्याला अर्धशिशीचा ऑरा म्हणतात. घरात मात्र झालर हाच शब्द, आणि उपाय एकच: अंधाऱ्या खोलीत आडवं व्हा, जाईपर्यंत थांबा. झालर आलेल्या माणसाला या घरात कोणी काही विचारत नाही. आत्याचे डोळ्यांचे डॉक्टर तिला दर वर्षी सांगत, "दोन्ही डोळ्यांत येते ना? मग मला फोन करू नका, झोपा." पुढेही ते काहीतरी सांगत, पण तोवर आत्या पर्स उचलून दाराशी पोचलेली असे.

चिमणीचे डोळे रडून सुजले होते. तिने आत्याकडे न बघताच सांगितलं.

"आत्या, मी टेबलाकडे बघितलं तेव्हा खंड्या नव्हताच. नुसता निळा रंग होता. मीच काहीतरी केलं असणार, आणि मला ते आठवत नाहीये."

२

आत्याने तिला बाहेर पायरीवर नेऊन बसवलं आणि पहिल्यापासून सांगायला लावलं.

चिमणी एका पानाची किनार रंगवत होती. रंगवता रंगवता कुंचल्याचं टोक दिसेनासं झालं. तिला कळलं, आली बया. ती कुंचला ठेवून उठली आणि निघताना सवयीने टेबलाकडे नजर गेली. गोल काच होती, पण तिच्यावर पक्षी नव्हता. डावीकडे थोडी फांदी होती आणि बाकी सगळीकडे एकसारखा निळा रंग. ती घाबरली. मग भिंतीला हात लावत लावत मागच्या कोठीत गेली आणि डोक्यावर ओला फडका घेऊन पडली. भट्टीच्या पंख्याच्या आवाजात दुसरं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. संध्याकाळी जावईबापूंनीच तिला धरून घरी नेलं.

"कोणती बाजू गेली होती?" आत्याने विचारलं.

"उजवी. सगळ्याचीच उजवी. दारसुद्धा अर्धंच दिसत होतं."

"मग तू काच कशाला उचलशील?"

काच उचलणं तिचं काम नव्हतंच. या कारखान्याचा मालकांच्या वडिलांपासूनचा दंडक होता, की रंगवणाऱ्याने उचलायचं नाही आणि उचलणाऱ्याने रंगवायचं नाही. पण झालरीच्या नादात तिने पूर्वी एकदा घराच्या किल्ल्या बुटात ठेवल्या होत्या आणि घरभर शोधाशोध केली होती. तेव्हापासून तिचा स्वतःवरच भरवसा नव्हता. किल्ल्या बुटात जाऊ शकतात, तर खंड्या कुठेही जाऊ शकतो.

आणि खरं दुखणं निराळंच होतं. सकाळी सगळ्यांसमोर बाळ तिला बोलून बसले होते, ज्या डोळ्यांना समोर ठेवलेला पक्षी दिसत नाही, त्या डोळ्यांनी यापुढे माझ्या कारखान्यात काच रंगवायची नाही. तिचे कुंचले त्यांनी स्वतःच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं. चिमणीने त्यावर शब्द काढला नव्हता. काढणार कशी, तिला ते पटलं होतं.

आत्याला भावाचा असा राग आला की क्षणभर तिला तपासबिपास सगळं विसरायला झालं. पण विमा कंपनीत एक गोष्ट ती शिकली होती, राग आला की प्रश्न चुकतात. ती चिमणीच्या पाठीवरून हात फिरवत विचार करू लागली.

टेबलावर पक्षी नव्हता पण काच होती, हे कसं? आत्याला झालरीचा जन्मभराचा अनुभव. झालर भोक पाडते, पण ते भोक काळं नसतं. आजूबाजूला जे असेल तेच डोकं तिथे ओढून पसरवतं. फुलाफुलांच्या चादरीकडे बघितलं तर भोकातही फुलंच दिसतात. म्हणजे खंड्या जागेवर होता, त्याच्यावर आजूबाजूचा निळा पसरला होता. चिमणी कोठीत गेली तेव्हा काच टेबलावरच होती.

तिने हे सांगितलं तेव्हा चिमणीने पहिल्यांदाच मान वर केली. पण लगेच तिचा चेहरा पुन्हा पडला. त्याने एवढंच ठरत होतं, की काच तेव्हा होती. नंतर ती कोठीतून उठलीच नाही, हे कोणी सांगायचं?

तेवढ्यात मालक बाहेर आले. बहिणीच्या कानाशी येऊन ते पुटपुटले, की काल निघताना भट्टीवाल्यांच्या काखेत नमद्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ताटाएवढं.

३

नमदा म्हणजे ते जाड लोकरी कापड, त्यात गुंडाळल्याशिवाय या कारखान्यातून काच बाहेर जात नाही. तेव्हा भट्टीवाल्यांच्या काखेतला नमदा ही काही किरकोळ गोष्ट नव्हती.

भट्टीवाल्यांनी आधी भट्टीकडे बघून सांगितलं, की काही लोकांना जुन्या माणसांवर विश्वास नाही. मग आत्याकडे बघून सांगितलं, की दाखवणार नाही. आत्या तिथेच एक स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, मला घाई नाही, मी निवृत्त आहे. भट्टीवाल्यांनी थोडा वेळ दम धरला आणि शेवटी कपाटामागून गुंडाळी काढून तिच्या मांडीवर ठेवली. कालची ती हीच, घरी नेली होती आणि आज परत आणली होती.

आत साध्या काचेचे तुकडे होते. प्रत्येकावर खंड्या. एक बसलेला, एक उडणारा, एकाच्या चोचीत मासा. रात्री घरी बसून रंगवायचे आणि गुपचूप भट्टीच्या कोपऱ्यात भाजून घ्यायचे, असा यांचा उद्योग. उचलणाऱ्याने रंगवायचं नाही तिथे भाजणाऱ्याने कुठून रंगवायचं, म्हणून हा लपवाछपवीचा मामला.

आत्याने एक तुकडा उजेडात धरला. पंख झकास होते. पाय मात्र कोंबडीचे होते.

"पायांचं काही जमत नाही," भट्टीवाले ओशाळून म्हणाले.

आत्याने गुंडाळी पुन्हा बांधून दिली आणि हे आपल्यातच राहील असं सांगितलं. भट्टीवाल्यांचा आवाज एकदम मऊ झाला. जाता जाता ते म्हणाले, की जावयाला जरा विचारा. हल्ली त्याचं चित्त ठिकाणावर नसतं. परवा मी शेजारी उभा राहून दोन वाक्यं बोललो, तर भूत बघितल्यासारखा दचकला. दारांना धडकतो, चष्मा पुसत बसतो. मालकांना दिसत नाही, त्यांना फक्त माझा हिरवा दिसतो.

आत्या रंगाच्या खोलीत परतली. उजेडाचं टेबल एका टोकाला, खिडकीची मोठी चौकट दुसऱ्या टोकाला, मध्ये अरुंद वाट. वाटेच्या डाव्या अंगाला लोखंडी घोडा, म्हणजे काचा उभ्या करून ठेवायची मांडणी. कोठीचं दार अगदी उलट दिशेला. आत्या टेबलापासून चौकटीपर्यंत दोन्ही हातांत काल्पनिक काच धरून चालली. मालकांना वाटलं, बहिणीचंही डोकं फिरलं.

घोड्यापाशी ती थांबली. कोपराच्या उंचीवर लोखंडाच्या कोपऱ्यात मोहरीएवढी एक कणी अडकून बसली होती. तिने ती नखाने काढून दुधी काचेवर ठेवली.

कणी निळी होती. खंड्या चोरीला गेला नव्हता, तो फुटला होता.

४

आता आत्याच्या हातात दोन गोष्टी होत्या आणि दोन्ही एकाच बाजूला बोट दाखवत होत्या. काच घोड्याला धडकली ती डावीकडे. चिमणीची गेलेली बाजू उजवी. आणि ती गेली कोठीकडे, चौकटीकडे नाहीच. टेबलावरून काच उचलून चौकटीकडे नेण्याचं काम या घरात एकाच माणसाचं होतं.

जावईबापू बाहेरच्या खोलीत चहा पीत बसले होते. आत्या समोर बसली. जावयाशी बोलायचं म्हणजे शब्द तोलून बोलायला हवेत, म्हणून तिने सरळ प्रश्न न विचारता हवापाण्यापासून सुरुवात केली. जावईबापू चष्मा काढून डावं भिंग सदऱ्याला पुसत होते. पुसून लावला, पुन्हा काढला, पुन्हा तेच भिंग पुसलं. मग कप खाली ठेवायला गेले. डावीकडे ठेवला, टेबलाच्या अगदी कडेवर, अर्धा हवेत. कप खाली गेला आणि चहा आत्याच्या चपलांवर आला.

फडक्याने पुसून झाल्यावर आत्याने विचारलं, टेबलावर पांघरूण काल कोणी घातलं? मीच, नेहमीसारखं. खाली बघितलं नाही? नाही. दुपारी कुठे होतात? इथेच बसलो होतो.

"का?"

"मलाही झालर आली होती आत्या."

आत्या बघतच राहिली. झालर घरच्या रक्तातली. हे बापू तर लग्न होऊन घरात आलेले. सासरी राहून राहून भाषा लागते, सवयी लागतात, पण झालर लागलेली तिने कधी ऐकली नव्हती. कशी येते म्हणून तिने विचारलं आणि त्यांनी सांगितलं. डाव्या डोळ्यात येते. कडेला वीज चमकल्यासारखं होतं, अंधारात जास्त. मग काजळी उडावी तसे काळे कण तरंगतात. डावा डोळा मिटला की सगळं स्वच्छ. डोकं? नाही, डोकं नाही दुखत, तेवढं नशीब. किती वेळ राहते, यावर ते जरा घुटमळले आणि म्हणाले, येते-जाते.

आत्या ऐकत होती आणि ऐकता ऐकता त्यांचं नाक गेलं.

आधी नाक, मग वरचा ओठ. आत्याने डोळे चोळले. नाकाच्या जागी गालासारखाच गव्हाळ रंग पसरला आणि त्याला बारीक चमचमती कड फुटली. भल्या वेळी आली होती. पण त्याच वेळी आत्याला एक सुचलं. जावईबापू म्हणतात ते करून बघू. तिने डावा डोळा हाताने झाकला. झालर तशीच. डावा उघडून उजवा झाकला. तरीही तशीच. दोन्ही मिटले, तर अंधारातही ती दातेरी कड थरथरत होतीच. जन्मभर ही बया अंगावर घेतली आणि हे असं तिने कधी तपासून बघितलं नव्हतं.

झालर डोळ्यात नसतेच, ती डोक्यात असते. कुठलाही डोळा मिटा, ती जायची नाही.

आत्या भिंतीला धरून उठली. नाक नसलेले जावईबापू काळजीने विचारत होते, बरं नाही का वाटत. ती कोठीकडे निघाली. हा माणूस बायकोच्या आजारपणाचं सोंग घेत होता, तेही चुकीचं. आणि तिच्यावर आळ येत असताना गप्प बसून चहा पीत होता.

५

कोठीत अंधार होता. आत्या काच पुसायच्या खडूच्या भुकटीच्या पोत्यांना टेकून आडवी झाली आणि कपाळावर फडका घेतला. झालर उजवीकडे सरकत सरकत मोठी होत होती. बाहेर मालकांनी दोनदा दार वाजवलं, दोनदा तिने त्यांना घालवलं.

तिला फार वाईट वाटत होतं. जावईबापू तिचे लाडके. चिमणीचं लग्न ठरताना घरात सगळे चाचरत होते तेव्हा आत्यानेच ठासून सांगितलं होतं, मुलगा सोन्यासारखा आहे. आता बाहेर जाऊन चिमणीला काय सांगायचं? काच नवऱ्याने फोडली, वर तुझी झालर उसनी घेतली.

उसनी घेतली. त्या शब्दापाशी आत्या अडखळली.

उसनी घ्यायची तर तो चिमणीचीच घेईल. इतकी वर्षं तो तिच्या शेजारी राहतोय. तिच्या डोक्यावरचे फडके त्याने बदललेत, कुंचल्याचं टोक कसं जातं हे त्याने शंभरदा ऐकलंय. खोटं बोलायचं असतं तर त्याने ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं असतं. ठिपका, दातेरी कड, अर्धा तास आणि शेवटी डोकं. विमा कंपनीत खोटे दावे असेच असायचे, अगदी नमुनेदार. याने मात्र सगळं वेगळंच सांगितलं. एकच डोळा, वीज, काजळी, डोकं दुखत नाही. एवढी चुकीची झालर कोणी रचत नाही.

म्हणजे तो खरं बोलत होता. झालर तेवढी ती नव्हती.

डोक्यात पहिला ठोका पडला. आत्याने दात आवळले आणि विचार सुटू दिला नाही. डावीकडचा कप. डावीकडे उभे असलेले भट्टीवाले. डावीकडचा घोडा. डावं भिंग, पुसून पुसून झिजलेलं, कारण डाग भिंगावर नव्हताच. तिला डॉक्टर आठवले, आणि दाराशी पोचल्यावर पाठीमागून ऐकू येणारं ते वाक्य आठवलं. ती दर वर्षी अर्धवट टाकून यायची ते. दोन्ही डोळ्यांत असेल तर मला फोन करू नका, झोपा. पण एकाच डोळ्यात असेल, तर फोन करण्यातही वेळ घालवू नका, निघा.

आत्या उठली. दार शोधताना पोत्याला अडखळली, फडका पडला, तो तिने उचललाही नाही.

६

बाहेरचा उजेड तिच्या कपाळात सुरीसारखा घुसला. एक डोळा मिटून ती जावईबापूंसमोर उभी राहिली. चिमणी, मालक, भट्टीवाले सगळे गोळा झाले.

तिने जावईबापूंना दोन्ही हात वर करायला लावले. केले. हसून दाखवा म्हणाली. ते गोंधळून हसले, तोंड वाकडं झालं नाही. बोलणं स्पष्ट होतं. पक्षाघाताचं भय गेलं, असं ती स्वतःशीच पुटपुटली. मग चिमणीला तिने हाताला धरून त्यांच्या डाव्या अंगाला उभं केलं, हातभर अंतरावर. त्यांचा चष्मा काढून घेतला आणि त्यांचा उजवा डोळा आपल्या तळहाताने झाकला.

"जावईबापू, समोर बघा, मान वळवू नका. तुमच्या शेजारी कोण उभं आहे?"

त्यांनी नजर समोरच्या भिंतीवर रोखली.

"कोणी नाही," ते म्हणाले.

चिमणीचा हात तोंडावर गेला. चष्म्याशिवाय धूसर दिसतं, हे तिलाही ठाऊक होतं. पण धूसर दिसणं वेगळं आणि बायको मुळीच नसणं वेगळं.

मग सगळं बाहेर आलं. आठवडाभरापूर्वी वीज चमकायला लागली, मग काजळी, आणि परवापासून डाव्या कडेने एक काळी सावली आत सरकत होती. ती येत-जात नव्हती. आली ती गेलीच नव्हती. या घरात डोळ्यांसमोर काही चमकलं की ती झालर, आणि झालर आपोआप जाते, एवढंच ते इतकी वर्षं बघत आले होते. म्हणून ते जायची वाट बघत राहिले. काल काच नेताना डावीकडचा घोडा त्यांना दिसलाच नाही. बारीक आवाज झाला आणि खंड्याचे तीन तुकडे. त्यांनी ते नमद्यात गुंडाळले, स्वतःच्या ओट्याखाली शिशाच्या कातरणात ठेवले आणि ठरवलं, सकाळी सांगू. सकाळी चिमणी आधीच बोलून बसली, मीच केलं असणार. सासरे म्हणाले, असल्या डोळ्यांनी काच रंगवायची नाही. तेव्हा त्यांच्या मनात आलं, रंगवायची नाही, तर असल्या डोळ्याच्या माणसाने उचलायची तरी कशी? आणि सांगायचं राहून गेलं.

मालक लाल झाले. त्यांनी तोंड उघडलंच होतं, पण चिमणी मध्ये आली.

"आधी डोळा. भांडण नंतर. आणि ते मी करणार आहे बाबा, तुम्ही नाही."

गाडी भट्टीवाल्यांनी काढली. दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून, दिवा लावून, बराच वेळ आत बघितलं. डोळ्याच्या आतला पडदा कडेने सुटत चालला होता. जाड नंबरवाल्यांना हा धोका जास्त असतो, त्या म्हणाल्या. मधला भाग, ज्याने बारीकसारीक दिसतं, तो अजून चिकटून होता. आणखी एक-दोन दिवस वाट बघितली असती तर तोही गेला असता. ऑपरेशन त्याच संध्याकाळी ठरलं. आत्या हे सगळं बाहेरच्या बाकावर, पर्स डोळ्यांवर ठेवून ऐकत होती. डोक्यात घण पडत होते, तरी तिला हलकं वाटत होतं.

मालकांना माफी मागता येत नाही, कधीच आली नाही. दुसऱ्या दिवशी ते कारखान्यात गेले, ओट्याखालून नमदा काढला, तीन तुकडे उजेडाच्या टेबलावर जुळवून ठेवले. कपाटाचं कुलूप काढलं आणि कुंचले चिमणीच्या जागेवर, होते तसे मांडले. नंतर भट्टीवाल्यांकडे सरळ तोंड करून म्हणाले, की तो हिरवा तसा वाईट नव्हता. भट्टीवाल्यांनी खुशीत येऊन आपल्या खंड्यांपैकी एक फुटक्याच्या जागी बसवायला देऊ केला. मालकांनी तो उजेडात धरला आणि पाय बघून आदराने परत केला.

खंड्या शिशाच्या दोन बारीक रेघांनी जोडला गेला. रेघा पंखावरून गेल्या आहेत. वाचनालयाच्या मंडळींना त्या पिसांच्याच वाटल्या.

भांडण मात्र राहिलं होतं. ऑपरेशनमध्ये डोळ्यात हवेचा फुगा भरतात, आणि तो पडद्याला दाबून धरावा म्हणून माणसाला दिवसच्या दिवस खाली तोंड करून ठेवतात. जावईबापू पलंगावर पालथे, चेहरा गादीच्या कडेबाहेर, नजर थेट जमिनीवर. अशा माणसाशी भांडायचं कसं? मागून बोललं तर तोंड दिसत नाही, आणि तोंड बघितल्याशिवाय चिमणीला भांडता येत नाही.

आत्या डबा घेऊन गेली तेव्हा खोलीत कोणी दिसेना. मग आवाज आला, खालून. चिमणी जमिनीवर सतरंजी टाकून उताणी पडली होती, बरोबर नवऱ्याच्या चेहऱ्याखाली, आणि बोट नाचवत त्याची हजेरी घेत होती. मला वेडी ठरवलंस. माझ्यावर माझाच विश्वास उरला नव्हता. एक शब्द बोलायचास. एवढी वर्षं माझी झालर बघितलीस, मग माझ्यापासूनच का लपवलंस? त्याच्या उघड्या डोळ्यातून पाणी टपकत होतं आणि तिच्या गालावर पडत होतं. ती ते पुसत होती आणि भांडत होती.

बोलून बोलून ती थकली.

"सगळी दिसतेय ना मी?" तिने विचारलं.

"नाकासकट," तो म्हणाला.

आत्याने डबा दाराशी ठेवला आणि चपला हातात घेऊन आवाज न करता निघून गेली.